‘पे पीरियड’ म्हणजे किती दिवस? : एका शोधवृत्ताचे भाषिक वाचन

‘प्रसारमाध्यमांसाठी लेखन’ ही अभ्यासपत्रिका मी पदवीच्या मराठीच्या वर्गाला बरीच वर्षे शिकवते आहे. तिच्यात अग्रलेख असतो, स्तंभलेखन असते, मुलाखत असते, जाहिरातीची भाषा असते. बातमीही असते, पण ‘कोण, काय, कधी, कोठे, का, कसे’ हे सहा ककार फळ्यावर लिहिले की तिचे प्रकरण संपते. आम्हा मराठीच्या प्राध्यापकांचा जीव अग्रलेखात गुंतलेला. टिळक, आगरकर, शि. म. परांजपे यांचे लेखन आम्ही वाङ्मय म्हणून वाचतो. वार्ताहराने नगरपालिकेचे दप्तर चाळून लिहिलेली बातमी मात्र दुसऱ्या दिवशीची रद्दी. मीही हेच करत आले. एका बातमीने ही सवय मोडली. त्या बातमीतला भ्रष्टाचार शब्दांच्या आड लपलेला होता आणि तो उघडकीला आला तो मुख्यतः नीट वाचल्यामुळे. म्हणून तो आपला, भाषा शिकवणाऱ्यांचा विषय आहे, असे मला वाटते.

बातमी अमेरिकेतली आहे. कॅलिफोर्निया राज्यात, लॉस एंजेलिस काउंटीत, बेल नावाचे एक छोटे शहर आहे. क्षेत्रफळ सुमारे २.५ चौरस मैल. २०१० च्या जनगणनेत लोकसंख्या ३५,४७७. म्हणजे आपल्या म्हापशाहून थोडे लहान. दहांपैकी नऊ रहिवासी लॅटिन अमेरिकी वंशाचे, बहुतेकांच्या घरी स्पॅनिश बोलली जाते, बहुतेक जण कष्टकरी. काउंटीतल्या गरीब शहरांत त्याची गणना होते. १५ जुलै २०१० रोजी ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मध्ये जेफ गॉटलिब आणि रुबेन विव्हेस या दोन बातमीदारांचे वृत्त आले. या शहराचा ‘सिटी मॅनेजर’, आपल्याकडच्या नगरपालिकेतील मुख्याधिकाऱ्यासारखा नेमलेला अधिकारी, रॉबर्ट रिझो याचा वार्षिक पगार ७,८७,६३७ डॉलर होता. त्याच्या हाताखालच्या अधिकारी बाईंचा ३,७६,२८८. पोलीस प्रमुखांचा ४,५७,०००. अर्धवेळ काम करणाऱ्या नगरसेवकांपैकी चौघांना वर्षाला जवळजवळ १ लाख डॉलर मिळत होते.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगते. सप्टेंबर २०१० मध्ये रिझोसह आठ आजी-माजी पदाधिकाऱ्यांना अटक झाली. मार्च २०११ मध्ये मतदारांनी नगरसेवकांना परत बोलावून नवे मंडळ निवडले. त्याच वर्षी वृत्तपत्राला ‘सार्वजनिक सेवा’ या विभागातले पुलित्झर पारितोषिक मिळाले. रिझोने २०१३ मध्ये ६९ आरोपांना आव्हान न देण्याचे कबूल केले आणि २०१४ मध्ये त्याला १२ वर्षांची शिक्षा झाली. हे सगळे कोणत्याही संदर्भग्रंथात सापडेल. मला रस आहे तो १५ जुलैच्या आधीच्या आणि त्या दिवशीच्या भाषेत.

वर्गात मी एक प्रयोग केला. वरची माहिती मराठीत टंकून दिली आणि सांगितले, बातमीचा पहिला परिच्छेद लिहा. छत्तीस मुलांनी लिहिले. ‘जनतेच्या पैशांवर डल्ला’ नऊ जणांकडे होता. ‘खळबळ उडाली’ तर बहुतेकांकडे. ‘घबाड’, ‘चव्हाट्यावर’, ‘लुटारू’, ‘विश्वसनीय सूत्रांकडून समजते’ हेही आले. एका मुलाने ‘कुंपणच शेत खाते तेव्हा’ असे शीर्षक दिले. मुलांचा दोष नाही. मराठी वृत्तपत्रांतून ती जे वाचतात तेच त्यांनी लिहिले.

मग मूळ वृत्त त्यांच्यापुढे ठेवले. त्यात ‘लूट’ नाही. ‘भ्रष्टाचार’ हा शब्द मथळ्यात नाही. मथळा म्हणजे एक साधा प्रश्न आहे : नगर व्यवस्थापकाची किंमत आठ लाख डॉलर असावी का? खाली आकडे आहेत आणि प्रत्येक आकड्याशेजारी दुसरा आकडा. बेलच्या पोलीस प्रमुखाचा पगार दिला, तर शेजारी अवाढव्य लॉस एंजेलिस शहराच्या पोलीस प्रमुखाचा ३,०७,००० डॉलरचा पगार. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचा पगार ४ लाख डॉलर असतो, हे वाचकाला आधीच ठाऊक आहे. एका मुलीने विचारले, “मॅडम, रुपयांत किती होतात?” मी म्हटले, रुपयांत करू नकोस, रुपयांत केले की ती नुसती मोठी रक्कम होते, पोलीस प्रमुखाशेजारी पोलीस प्रमुख ठेवला की तिला अर्थ येतो.

विशेषणांविषयी माझे मत त्या तासाला पक्के झाले. आपल्या बातमीत विशेषण येते ते बहुधा आकड्याच्या रिकाम्या जागेत. रक्कम माहीत नसली की ती ‘प्रचंड’ होते, कागद हाती नसला की व्यवहार ‘संशयास्पद’ होतो. शिवाय त्या दिवशी कोणताही गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. जास्त पगार घेणे हा स्वतः गुन्हा नव्हे. लुटारू म्हणायला न्यायालय होते आणि त्याला आणखी चार वर्षे लागली.

आता कागदांकडे येते.

बेलमध्ये कोणी प्रश्नच विचारले नव्हते असे नाही. २००८ मध्ये एका रहिवाशाने नगरपालिकेत जाऊन रिझोचा आणि नगरसेवकांचा पगार किती, असे विचारले होते. त्याला कागद मिळाला. कागदावर रिझोचा पगार महिन्याला १५,४७८ डॉलर आणि नगरसेवकांचा ६७३ डॉलर असा होता. कागद खोटा होता. पण खोटेपणाची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. ६७३ ला १२ ने गुणले तर ८,०७६ होतात. २०१० मध्ये जेव्हा खरे आकडे बाहेर आले तेव्हा पाच नगरसेवकांपैकी एकाला खरोखरच वर्षाला ८,०७६ डॉलर मिळत होते. तो मधल्या काळात नेमणुकीने आला होता आणि बाकीचे चौघे किती घेतात याची त्याला कल्पनाही नव्हती. म्हणजे खोट्या कागदावरचा हा आकडा हवेतून काढलेला नव्हता. तो शोभेल असा, कोणीही मान्य करील असा होता. १५,४७८ हाही तसाच. रहिवासी समाधानाने घरी गेला असणार.

नगरसेवकांची मिळकत लाखाच्या घरात कशी गेली, ही गोष्टही शब्दांचीच आहे. २००५ मध्ये बेलमध्ये एक विशेष मतदान झाले. शहराने स्वतःची सनद स्वीकारावी का, असा प्रश्न होता. सनद हा शब्द भारदस्त आहे, स्वायत्ततेचा वास असलेला आहे. परिणाम मात्र असा की नगरसेवकांच्या पगारावरची राज्य कायद्याची मर्यादा बेलला लागू राहिली नाही. एकूण ४०० हून कमी मते पडली. पुढे नगरसेवक निरनिराळ्या प्राधिकरणांचे सभासद म्हणून वेगवेगळी रक्कम घेऊ लागले : गृहनिर्माण प्राधिकरण, अतिरिक्त मालमत्ता प्राधिकरण, सार्वजनिक वित्त प्राधिकरण, घनकचरा प्राधिकरण. त्यांच्या काही बैठका मिनिटा-दोन मिनिटांत संपत. घनकचऱ्याचे प्राधिकरण तर कायदेशीररीत्या अस्तित्वातच आले नव्हते, असे सरकार पक्षाने खटल्यात मांडले आणि पाच नगरसेवकांना दोषी धरण्यात तोच मुद्दा निर्णायक ठरला. एकाची निर्दोष सुटका झाली.

मराठीत ही बातमी लिहायची तर इथे अडायला होते. नगरसेवकाला मिळणाऱ्या पैशाला आपण ‘पगार’ म्हणत नाही, ‘मानधन’ म्हणतो. बैठकीला मिळतो तो ‘भत्ता’. दोन्ही शब्द सवयीने छोटे आहेत. ‘सभासदांचे वार्षिक मानधन ९६ हजार डॉलर’ असे वाक्य लिहिले की ‘मान’ पुढे येतो आणि ‘धन’ मागे राहते. वर्गात यावर बराच वाद झाला. एका मुलाचे म्हणणे, कागदावर जो शब्द आहे तोच बातमीदाराने वापरावा, नाहीतर तो बाजू घेतो. दुसरीचे म्हणणे, कागदावरचा शब्दच बाजू घेऊन बसला असेल तर? मला दुसरीचे पटते. पण पहिल्याच्या शंकेलाही उत्तर लागते, आणि ते असे की कागदातला शब्द एकदा अवतरणात द्यावा आणि मग आपला साधा शब्द वापरावा. दोन्ही वाचकापुढे ठेवावेत.

या सगळ्यात मला सर्वांत बोलका वाटतो तो एक ई-मेल. पुढे सरकारी वकिलांनी तो उघड केला. नवे पोलीस प्रमुख बेलमध्ये रुजू व्हायचे होते, तेव्हा रिझोच्या सहायक बाईंनी त्यांना लिहिले होते की, आपले करार आम्ही काळजीपूर्वक अशा रीतीने रचले आहेत की पगाराकडे कोणाचे लक्ष जाऊ नये. त्यांत ‘पे पीरियड’ हा शब्द वापरला आहे, पण त्याची व्याख्या दिलेली नाही, म्हणजे कोणी बसून तुमच्या पगाराची बेरीज करू लागले तर त्यापासून तुमचे रक्षण होईल. (या बाईंना पुढे ११ वर्षे ८ महिन्यांची शिक्षा झाली. पोलीस प्रमुखांवर फौजदारी खटला झाला नाही.)

‘पे पीरियड’ म्हणजे एका पगारापासून दुसऱ्या पगारापर्यंतचा काळ, वेतन-कालावधी. तो आठवड्याचा असू शकतो, पंधरवड्याचा असू शकतो, महिन्याचा असू शकतो. ४,५७,००० डॉलर पंधरवड्यांच्या २६ हप्त्यांत वाटले तर एका हप्त्याला १७,५७७ डॉलर येतात. करारात ‘दर वेतन-कालावधीस अमुक’ एवढेच असेल, तर वाचणारा महिन्याच्या हिशेबाने १२ ने गुणील आणि वर्षाला २,१०,९२४ ही चुकीची बेरीज घेऊन स्वस्थ बसेल. एक शब्द खोटा नाही, एक आकडा खोटा नाही. फक्त एक व्याख्या गाळली आहे. अर्थविचार शिकवताना आपण संदिग्धतेची उदाहरणे कवितेतून देतो. कवितेत संदिग्धता वाचकाला काहीतरी जास्त देते. इथे ती नेमकी तेवढेच काढून घेते, आणि लिहिणाऱ्याला ते पुरते ठाऊक आहे. हे उदाहरण आता मी अर्थविचाराच्या तासालाही घेते.

गॉटलिब आणि विव्हेस बेलमध्ये आले ते शेजारच्या मेवुड या शहराच्या निमित्ताने. मेवुडने आपले सगळे कर्मचारी कमी करून कारभार बेलकडे सोपवायचे ठरवले होते. त्याचा मागोवा घेताना बेलच्या नगरसेवकांच्या पगाराची चौकशी चालू असल्याचे त्यांना कळले. त्यांनी राज्याच्या सार्वजनिक कागदपत्र कायद्याखाली करारांच्या प्रती मागितल्या. टाळाटाळ झाली, ते मागे लागले, शेवटी गावातल्या एका उद्यानाच्या बैठकखोलीत रिझो आणि इतर मंडळी कागद घेऊन त्यांना भेटली. तिथे त्यांनी तोंडावर विचारले, तुम्हाला किती मिळतात? छुपा कॅमेरा नाही, वेषांतर नाही, नाव लपवलेला खबऱ्या नाही. करार, ठराव, बैठकांची इतिवृत्ते वाचणे आणि बेरीज करणे एवढेच. त्या ई-मेलमध्ये ज्याची भीती होती तेच झाले : कोणीतरी बसून बेरीज केली.

बेलमध्ये हे इतकी वर्षे कोणाच्या लक्षात का आले नाही? रिझो १९९३ मध्ये ७२ हजार डॉलरवर आला होता. म्हणजे सतरा वर्षे. एक कारण अमेरिकी पत्रकारच देतात : तिथे नेमाने येणारा वार्ताहर उरलेला नव्हता. मोठे दैनिक काही मैलांवर होते, पण लहान शहरांच्या सभांना माणूस पाठवणे वृत्तपत्रांना परवडेनासे झाले होते. दुसरे कारण मला भाषेच्या माणसाला दिसते. कारभाराची भाषा इंग्रजी आणि घरातली स्पॅनिश. कराराची इंग्रजी तर इंग्रजी जाणणाऱ्यालाही दाद न देणारी. वृत्त आल्यावर जी नागरिक संघटना उभी राहिली तिने आपल्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे अशी जुळवली की त्यांतून ‘बास्ता’ हा स्पॅनिश शब्द तयार व्हावा. ‘बास्ता’ म्हणजे ‘पुरे’. आपल्या ‘बस्स’च्या किती जवळचा उच्चार! बातमीदारांपैकी विव्हेस ग्वाटेमालात जन्मलेले आणि लहानपणी लॉस एंजेलिसला आलेले. कागद एका भाषेत वाचायचे आणि माणसांशी दुसऱ्या भाषेत बोलायचे, हे त्यांना परके नव्हते.

मराठी वाचकाला कागदांवर उभ्या असलेल्या वृत्ताचे आणखी एक उदाहरण आठवल्याशिवाय राहणार नाही, आणि ते दुखरे आहे. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू होऊन वर्षही झाले नव्हते, तेव्हा कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्याविषयी या पत्रांनी लिहिले. तरुण छत्रपतींच्या छळाचा प्रश्न होता, हेतू निर्मळ होता, हाती पत्रे होती. ती पत्रे बनावट निघाली. टिळक आणि आगरकर यांना १८८२ मध्ये शिक्षा झाली आणि ते १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात राहिले. आगरकरांच्या तुरुंगातल्या आठवणींचे पुस्तक आपण निबंधकाराच्या शैलीसाठी वाचतो. मी आता विद्यार्थ्यांना आणखी एक प्रश्न देते : ती पत्रे खरी की खोटी हे छापण्यापूर्वी कसे तपासता आले असते? बेलच्या बातमीदारांपुढेही खोटा कागद असू शकला असता. २००८ मध्ये त्या रहिवाशाच्या हाती तो दिलाच होता. फरक असा की त्यांनी सारांशाचा तक्ता न घेता मूळ करार मागितले आणि करारातला आकडा ज्याचा होता त्याच्याकडून वदवून घेतला.

हे सगळे गोव्यात बसून लिहिताना मनात आपलेच कागद आहेत. माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा २००५ चा. गोव्याने स्वतःचा कायदा १९९७ मध्येच केला होता. मराठीतले पहिले वृत्तपत्र ‘दर्पण’ १८३२ मध्ये निघाले ते शेजारी शेजारी दोन स्तंभांत, इंग्रजी आणि मराठी. आपल्या पंचायतींत आजही हा दोन स्तंभांचा प्रश्न आहे, फक्त दुसरा स्तंभ बऱ्याचदा कोरा असतो. रविवारच्या ग्रामसभेत लोक कोकणीत भांडतात, मराठी दैनिकाचा वार्ताहर मराठीत टिपून घेतो आणि इतिवृत्त इंग्रजीत लिहिले जाते. बेळगावचे मराठी नगरसेवक कागदपत्रे मराठीत मागतात तेव्हा ती मागणी अस्मितेची म्हणून बाजूला टाकली जाते. अस्मिता त्यात आहेच. पण मतदाराने निवडून दिलेल्या माणसाला ठराव वाचता यावा, ही त्यातली साधी गोष्ट गोंगाटात ऐकू येत नाही.

आणि केवळ मराठीत आला म्हणून कागद वाचता येतो असेही नाही. गेल्या वर्षी मी मुलांना सांगितले, गावच्या कारभाराचा कोणताही एक कागद घेऊन या आणि त्यातला न कळलेला एक शब्द अधोरेखित करा. ‘सादिलवार’ कोणालाच ठाऊक नव्हता. किरकोळ कार्यालयीन खर्चाचा हा जुना दप्तरी शब्द. ‘कार्योत्तर मंजुरी’ एकाने ‘कार्याला उत्तर’ असा लावला. खर्च आधी करून मोकळे व्हायचे आणि परवानगी मागाहून घ्यायची, असा त्याचा अर्थ सांगितल्यावर वर्ग हसला. सर्वांत जास्त चर्चा झाली ती ‘ऐनवेळी अध्यक्षांच्या परवानगीने येणारे विषय’ या ओळीवर. प्रत्येक संस्थेच्या विषयपत्रिकेत ती शेवटी असते, इतक्या सवयीने की डोळा तिच्यावरून घसरतो. त्या ओळीखाली काय काय मंजूर होते ते इतिवृत्तात पाहा, असे मी सांगितले. काही मुलांनी पाहिले. बहुतेक ठिकाणी सत्कार आणि शोकप्रस्ताव होते. सगळीकडे नाही.

वर्गातल्या एका मुलीने आपल्या पंचायतीच्या जमाखर्चाचा तक्ता आणला होता. त्यात ‘किरकोळ’ या शीर्षाखालची रक्कम रस्त्यावरच्या दिव्यांच्या रकमेहून मोठी होती. तिने माहिती अधिकाराचा अर्ज लिहून मला दाखवला : ‘किरकोळ खर्च म्हणजे काय ते कृपया कळवावे.’ अर्ज फेटाळला जाणार हे उघड होते. हा कायदा कार्यालयाकडे असलेली माहिती मागण्याचा हक्क देतो, खुलासा मागण्याचा नव्हे. आम्ही दोघींनी बसून वाक्य पुन्हा लिहिले : ‘सदर आर्थिक वर्षात “किरकोळ” या शीर्षाखाली नोंदलेल्या प्रत्येक खर्चाची तारीख, रक्कम, व्हाउचर क्रमांक आणि देयकाची प्रत मिळावी.’ मराठी रचनेच्या दृष्टीने पाहिले तर पहिले वाक्य जास्त सरळ आहे. दुसऱ्यातून मात्र निसटायला जागा नाही.

तिसाव्या दिवशी अकरा पाने आली, सगळी इंग्रजीत. भयंकर काही नव्हते. चहा, खुर्च्यांचे भाडे, गवत कापण्याच्या यंत्राचे पेट्रोल, झेरॉक्स. दोन देयकांवर तारीख नव्हती. तिने त्यावर सव्वाशे शब्दांची बातमी लिहिली. तिच्यात एकही विशेषण नव्हते, ‘डल्ला’ नव्हता, बेरीज बरोबर होती. मी समासात एवढेच लिहिले : ‘या दोन देयकांबद्दल पंचायत सचिवांना विचारलेस का?’ तिने विचारले नव्हते. सोमवारी पंचायतीत जाऊन येते म्हणाली.